छातीचा आवाज, वरचा आवाज आणि मधला सांधा: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

छातीचा आवाज कमवायचा कसा आणि तो वरच्या आवाजाला जोडायचा कसा, एवढ्या एकाच विषयाला वाहिलेला एक ध्वनिचित्रमुद्रित अभ्यासक्रम मी गेल्या वर्षी विकत घेतला. त्याचे धडे इंग्रजीत आहेत. शिकवणाऱ्या शिक्षिका भारतीय असल्या तरी त्यांची तालीम पाश्चात्त्य पद्धतीची आहे, आणि वर्षभराच्या वापरासाठी साडेचार हजार रुपये मोजावे लागतात. अभ्यासक्रमाचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण याच साच्याचे आणि जवळपास याच व्यायामांचे अभ्यासक्रम आज बाजारात पुष्कळ आहेत, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या सर्वांनाच लागू पडेल. मी ख्यालाची तालीम घेतलेली, अधूनमधून नाट्यपदे व भावगीते गाणारी हौशी गायिका आहे आणि काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून गाते. पुरुषांसाठीचे धडे माझ्या धाकट्या दिरांनी करून पाहिले; ते भजनी मंडळात काळी एकमध्ये अभंग गातात.

माझे मत आधीच सांगून टाकते. छातीचा आवाज कमावण्याचा यातला भाग सामान्य आहे आणि आपल्याकडच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सुरांच्या रियाजापुढे तो फिका पडतो. दोन आवाज जोडण्याचा भाग मात्र उत्तम आहे, कारण ज्या जागेबद्दल आपल्या तालमीत सहसा कोणी उघडपणे बोलत नाही त्या जागेवर तो नेमके बोट ठेवतो आणि तिथे काय करायचे हेही सांगतो. पैसे द्यायचे असतील तर ते या दुसऱ्या भागासाठी द्यावेत.

पहिला विभाग शरीररचनेचा आहे आणि तो मोजक्या वेळात आटोपला आहे. छातीच्या आवाजाला तसे म्हणतात ते छातीच्या हाडावर हात ठेवला असता जाणवणाऱ्या थरथरीमुळे; आवाजाचा उगम मात्र कोणत्याही सप्तकात स्वरयंत्रातच होतो, हे इथे एका प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर चांगले दाखवले आहे. ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात मंद्राचे म्हणजे खालच्या सप्तकाचे स्थान हृदय, मध्य सप्तकाचे कंठ आणि तारेचे म्हणजे वरच्या सप्तकाचे मूर्धा (मस्तक) असे सांगितले, ते गाणाऱ्याला शरीरात जे जाणवते त्याचे वर्णन होते. मॅन्युएल गार्सिया या गानशिक्षकाने १८५४ मध्ये आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले, आणि त्या जाणिवेमागची कारणे डोळ्यांनी तपासण्याची सोय झाली. आज जे सर्वमान्य आहे ते थोडक्यात असे: स्वरतंतूंच्या आतच असलेला स्नायू आखडला की तंतू आखूड व जाड होतात, एकमेकांना खोलवर भिडतात आणि दर आवर्तनात अधिक वेळ मिटलेले राहतात, हा छातीचा आवाज. स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला दोन कूर्चांमध्ये असलेला दुसरा स्नायू आखडला की तेच तंतू ताणले जाऊन लांब व पातळ होतात आणि केवळ कडांनी एकमेकांना स्पर्श करतात. हा वरचा, म्हणजे डोक्यातला आवाज. सूर चढत जातो तसतसा पहिल्या स्नायूने थोडा थोडा भार सोडायचा असतो आणि दुसऱ्याने तो उचलायचा असतो. तो एकदम सोडला की आवाज चिरकतो, आणि सोडलाच नाही की आरडाओरड होते.

हे सगळे नीट सांगून झाल्यावर त्याच विभागात ‘पोटाच्या पडद्याने श्वास वर ढकला’ असे विधान येते, ते मात्र खटकले. तो पडदा म्हणजे श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे; तो आखडतो तेव्हा हवा आत येते. बाहेर जाणाऱ्या श्वासावर ताबा राहतो तो पोटाच्या आणि बरगड्यांमधल्या स्नायूंमुळे. शिकणाऱ्याने हे विधान शब्दशः घेतले तर तो पोट आवळून हवा लोटू लागतो, आणि तेवढ्या हवेला अडवण्यासाठी घसा आवळला जातो. पुढच्या धड्यांत शिक्षिका स्वतः गाऊन दाखवतात तेव्हा त्यांचे पोट अजिबात आवळलेले दिसत नाही, हेही सांगायला हवे.

आता या दोन आवाजांमधला सांधा नेमका कुठे येतो ते पाहू, कारण आपल्या पट्ट्यांच्या हिशेबात तो कुठे बसतो हे अभ्यासक्रम सांगत नाही आणि आपल्याला तर तेच हवे असते. छातीच्या आवाजातून वरच्या आवाजात जाण्याची जागा स्त्री-पुरुष दोघांच्याही बाबतीत साधारण ३०० ते ३५० हर्ट्‌झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) पट्ट्यात पडते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो; म्हणजे त्याचा तार षड्ज २७७ वर, तार रिषभ ३११ वर आणि तार गंधार ३४९ वर येतो. त्याचा सांधा तार षड्जाच्या पलीकडे, रिषभ-गंधाराच्या आसपास आहे, आणि म्हणून अंतऱ्यात तार षड्जावर मजेत ठाण मांडणारा गवई गंधारावर जाताना मान वर करतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्‌झचा असल्यामुळे तिचा पंचम ३११ वर आणि धैवत ३४९ वर पडतो. तिचा सांधा थेट मध्य सप्तकाच्या उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्या भागात आहे. पुरुषाला जी अडचण अंतऱ्यात क्वचित गाठते ती स्त्रीला बंदिशीच्या पहिल्या भागात, म्हणजे स्थायीतच, दर आवर्तनात भेटते. मुलींना ‘तुझा धैवत पोकळ लागतो’ असे शिकवणीत जे वारंवार ऐकावे लागते त्याचे एक कारण हे आहे. ही एवढी आकडेमोड मला कोणी विशीत करून दाखवली असती तर बरे झाले असते. आपल्याकडे असा विचार झालाच नाही असे नव्हे: गायक व संगीतशिक्षक प्रा. बी. आर. देवधर यांनी आणि त्यांच्याकडे या विषयाचे शिक्षण घेतलेल्या संगीतशास्त्रज्ञ डॉ. अशोक रानडे यांनी आवाजाच्या संस्काराकडे शास्त्रीय नजरेने पाहिले. पण घरोघरच्या शिकवण्यांपर्यंत तो विचार फारसा पोचला नाही.

दुसरा विभाग छातीचा आवाज कमावण्याचा. यात दूरच्या माणसाला हाक मारावी तसा ‘ए’ किंवा ‘हो’ उच्चारून त्याच हाकेचा सूर धरणे, पाच सुरांची उतरती आवली (सुरांची ओळ) ‘आ’ने म्हणणे, झोपेतून उठल्यावर निघतो तसा करकरता आवाज हलकेच काढून त्यातून सुरात शिरणे, आणि बोलण्याच्या पट्टीतले एखादे वाक्य हळूहळू लांबवत त्याचे गाणे करणे असे व्यायाम आहेत. हाकेचा व्यायाम मला आवडला. आवाज मोकळा सोडायला संकोचणाऱ्या माणसाला ‘खुल्या आवाजात गा’ असे दहा वेळा सांगून जे होत नाही, ते गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याला हाक मारायला सांगितले की चटकन होते. स्त्रियांची बोलण्याची पट्टी सरासरीने २०० हर्ट्‌झच्या आसपास असते, म्हणजे काळी चारच्या षड्जाला अगदी लागून; त्यामुळे हाक आणि षड्ज यांत फारसे अंतर राहत नाही.

या विभागातली आणखी एक गोष्ट खर्ज भरणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. छातीचा आवाज बळकट होतो तो अगदी तळाच्या सुरांवर नव्हे, तर बोलण्याच्या पट्टीच्या जरा वरच्या सुरांवर, मध्यम आवाजात. तळाच्या सुरांवर तंतू सैल असतात आणि तिथे आवाजाला मोठेपणा देताच येत नाही. तो देण्याच्या हट्टापायी अनेक जण हनुवटी गळ्याला टेकवून, घसा दाबून एक खोटा घोगरेपणा आणतात आणि त्यालाच खर्ज समजतात. मंद्र पंचमाखाली उतरून नुसती घरघर करणाऱ्या रियाजाचा उपयोग काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

तरीही एकंदरीने हा विभाग खर्जापेक्षा कमी पडतो असे मी म्हणते, त्याचे कारण व्यायामांच्या रचनेत आहे. इथे प्रत्येक आवली काही सेकंदांत संपते, पियानो अर्ध्या सुराने वर सरकतो आणि लगेच पुढची आवली सुरू होते. सूर लागला, स्थिरावला, त्यातली थरथर कमी झाली, त्याला गोलाई आली, हे घडायला जो वेळ लागतो तो मिळतच नाही. पहाटे तंबोरा लावून मंद्र सप्तकातल्या एकेका सुरावर पूर्ण श्वासभर थांबणारा माणूस दर श्वासाला आपला आवाज तपासत असतो. सुराची सुरुवात धक्क्याने झाली की अलगद, शेवटी सूर खाली ओघळला का, मधे हवा गळली का, हे त्याला आपोआप ऐकू येते. पियानोच्या मागे धावताना यातले काहीच ऐकू येत नाही. ज्यांचा खर्जाचा रियाज नियमित आहे त्यांनी हाकेचा आणि वाक्याचा व्यायाम उचलावा आणि बाकीचा विभाग सोडून द्यावा.

तिसरा विभाग हा या अभ्यासक्रमाचा खरा ऐवज आहे. त्याची सुरुवात एका चाचणीने होते. मध्यम आवाजात ‘आ’ने खालून वर सरकत जायचे, ते फोनवर मुद्रित करायचे आणि सांध्याच्या जागी काय होते ते ऐकायचे. दोनच प्रकार संभवतात. काहींचा आवाज ओढला जातो: छातीचे वजन तसेच वर नेल्यामुळे सूर मोठा, ताठ आणि किंचित खाली उतरलेला लागतो, गळ्याच्या शिरा दिसू लागतात आणि अखेर तो तुटतो. काहींचा आवाज सुटतो: सांध्याच्या जरा आधीच छातीचा स्नायू सगळा भार टाकून देतो, तंतू नीट मिटत नाहीत आणि सूर हवेशीर, पातळ, आपल्याकडे ज्याला चोरटा म्हणतात तसा होतो. माझे दीर पहिल्या प्रकारातले निघाले. मी दुसऱ्या. दोघांना एकच औषध चालत नाही, आणि व्यायामांची यादी एकसारखी वाटून टाकणारे मोफत धडे इथेच फसतात. हा अभ्यासक्रम चाचणीच्या निकालानुसार दोन वेगळ्या वाटा दाखवतो, आणि मला वाटते की साडेचार हजारांतले निदान तीन हजार याच गोष्टीचे आहेत.

दोन्ही वाटा ज्या व्यायामांपासून निघतात ते आरंभीचे व्यायाम एकच आहेत: ओठ फुरफुरवत सूर काढणे आणि सरबत पिण्याच्या अरुंद नळीतून सूर काढणे. नळीचा व्यायाम अमेरिकन आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांच्यामुळे जगभर पोचला. तोंडापुढची वाट अरुंद झाली की आत हवेचा थोडा दाब साठून राहतो, तो तंतूंवर वरच्या बाजूने काम करतो, आणि तंतू एकमेकांवर फार न आदळता सहज कंप पावू लागतात. या स्थितीत खालून वर सरकत गेले की सांधा जवळपास कळतच नाही. अडचण एवढीच की धड्यात दाखवलेली प्लास्टिकची नळी आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून बंदीत गेली आहे, आणि कागदाची नळी चार-पाच मिनिटांत ओठांपाशी मऊ पडून चपटी होते. स्टीलची मिळते ती घ्यावी, पण दुकानात मिळणाऱ्या जाड्या नळ्यांपैकी सर्वांत बारीक असेल ती. रुंद नळीने दाब तयार होत नाही. नळीचे दुसरे टोक पेल्यात दोन बोटे पाण्यात बुडवून केले तर बुडबुड्यांच्या एकसारखेपणावरून श्वासाचा एकसारखेपणा डोळ्यांना दिसतो, हा फायदा मला सर्वांत मोठा वाटला.

त्यानंतर वाटा वेगळ्या होतात. आवाज ओढणाऱ्यांना ‘गूग’ आणि ‘मम’ दिले आहेत. ‘सा ग प सां प ग सा’ ही आवली ‘गूग गूग गूग’ अशी म्हणायची, जरा मंद, जणू जांभई दडवून बोलतो आहोत अशा आवाजात. ‘ग’च्या दर उच्चाराला जिभेचा मागचा भाग श्वास क्षणभर अडवतो, त्यामुळे हवेचा लोंढा साचत नाही, आणि ‘ऊ’ स्वरामुळे स्वरयंत्र वर चढत नाही. छातीचे वजन वर नेणे या उच्चारात मुळातच अवघड जाते. आवाज सुटणाऱ्यांना याच्या उलट ‘ने ने ने’ दिला आहे, तोही लहान मुलाने चिडवावे तशा चिरक्या, नाकाकडे झुकलेल्या स्वरात. तो ऐकायला वाईट लागतो, शेजारी लोक असताना करणे कठीण असते, पण तंतू मिटायला लावण्याचे त्याचे काम तो चोख करतो. मी म प ध या तीन सुरांवरच तो करत राहिले. छातीच्या हाडावर एक हात आणि गालाच्या हाडावर दुसरा असे ठेवले की मध्यमावर खालच्या हाताला जाणवणारी थरथर धैवतावर बरीचशी वरच्या हाताकडे गेलेली असते. ती पंचमावर एकदम नाहीशी होते की कमी होत होत जाते, हे तपासायचे. आधी ती नाहीशी होत असे. काही आठवड्यांनी पंचमावर दोन्ही हातांना जाणवू लागली.

पुढचा धडा स्वरवर्णांच्या बदलाचा आहे आणि आकारावर, म्हणजे ‘आ’ने गाण्यावर पोसलेल्या आपल्या गायकांना तो वादग्रस्त वाटेल. पुरुषाने ‘आ’ म्हटला की त्याच्या मुखविवराचा पहिला अनुनाद साधारण ७०० हर्ट्‌झला असतो. स्त्रियांचा त्याहून थोडा वर. गाणारा ३५० हर्ट्‌झच्या सुरावर पोचला की त्या सुराच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर नेमका ७०० वर येतो, अनुनादाशी जुळतो आणि आवाजाला एकदम मोठे बळ मिळते. हे बळ मोहात पाडणारे असते. त्याला चिकटून राहण्यासाठी गाणारा तोंड आणखी फाकवतो, म्हणजे अनुनाद आणखी वर नेतो, आणि गाण्याची हाळी होते. यावर उपाय म्हणजे सांध्याच्या जागी ‘आ’ किंचित मिटवून ‘ऑ’कडे किंवा ‘अ’कडे झुकवणे, ऐकणाऱ्याला तो ‘आ’च वाटतो. चांगले आकार लावणारे गवई नकळत हेच करतात असे मला वाटते. तार षड्जाच्या पुढे त्यांचा जबडा फाकत नाही, उलट ओठ गोल होतात, हे मैफलीत पुढे बसून सहज पाहता येईल. आकाराच्या शुद्धतेबद्दलचा आपला आग्रह रास्त आहे, पण तो कानाला जाणवणाऱ्या आकाराबद्दल असावा, तोंडाच्या मापाबद्दल नव्हे.

विभागाच्या अखेरीस एकाच सुरावर बारीक आवाजात सुरुवात करून तो फुगवत नेणे आणि पुन्हा बारीक करत आणणे हा व्यायाम आहे. इटालियन गानशिक्षणात तो जुना आणि मानाचा आहे. सांध्याच्या सुरावर तो बिनतडा साधला तर जोडणी झाली असे समजावे, आणि तो शेवटी ठेवला हे योग्यच आहे. नवख्याने धैवतावर हा प्रयोग केला तर आवाज मधेच फाटून तो निराश होईल.

एवढे गुणवर्णन केल्यावर या विभागाचा मोठा दोषही सांगायला हवा. तो पियानोचा आहे. पियानोचा गंधार आपल्या तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याने चढा असतो. रोज त्या साथीवर ‘सा ग प’ म्हणत राहिले तर गंधार चढू लागतो, आणि मला गाणे शिकवणाऱ्या बाईंच्या कानाला ते कळायला वेळ लागला नाही. दुसरे म्हणजे पियानो पट्टी बदलत जातो आणि आपण एकाच षड्जाला बांधलेले असतो. यावर आम्ही काढलेला तोडगा साधा आहे: तंबोरा आपल्याच पट्टीत लावायचा आणि पट्टी सरकवण्याऐवजी आवलीच सरकवायची. ‘सा ग प’, ‘रे म ध’, ‘ग प नी’, ‘म ध सां’ हे आपले अलंकारच आहेत. तेच आधी फुरफुर करत, मग ‘गूग’ किंवा ‘ने’ लावून आणि शेवटी आकारात म्हणायचे. सांधा कोणत्या अलंकाराच्या कोणत्या सुरावर येतो हे वर सांगितलेल्या हिशेबाने काढता येते. काळी एकच्या पुरुषांसाठी मध्य षड्जापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. त्यांनी ‘म ध सां’पासून आरंभ करून तार मध्यमापर्यंत जावे, नाहीतर सांध्यापर्यंत पोचण्याआधीच दम संपेल.

मी हे सगळे माझ्या बाईंना ऐकवले. पंचाहत्तरीच्या बाईंनी फुरफुर शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ‘झाली ना तुझी फुरफुर? मग आता आकार लाव आणि मला धैवत दाखव.’ दाखवला. ‘बरा लागतोय गं. पण पंचमावरून उडी मारू नकोस, चालत जा.’ त्यांचे हे बोलणे अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या उणिवेवर नेमके पडते. यातल्या सरकत्या आवल्या वेगाने जातात, आणि वेगात सांधा लपवणे सोपे असते. मध्यमापासून तार षड्जापर्यंत एका श्वासात, मधला कोणताही सूर न ठोकता, संथपणे मींड घेणे, म्हणजे आवाज न तोडता सरकत जाणे, ही याहून कठीण कसोटी आहे आणि आपल्या गाण्याला तीच लागते. गमक, मुरकी, सांध्यावरून आरपार जाणारी तान यांचा तर इथे विचारच नाही. शेवटच्या विभागात उदाहरणे म्हणून इंग्रजी गाणी घेतली आहेत, त्यामुळे ते साहजिक असले तरी भारतीय ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात निदान एक धडा मींडेवर असायला हरकत नव्हती.

चौथा विभाग छातीच्या आवाजाची खडी फेक वरच्या सुरांपर्यंत नेण्याचा. हा प्रकार पाश्चात्त्य संगीतनाट्याचा म्हणून शिकवला आहे. सुलोचना चव्हाण यांची ठसक्यातली लावणी किंवा शाहीर अमर शेख यांची पहाडी फेक ऐकलेल्यांना तो नवा वाटणार नाही. व्यायाम बरे आहेत, पण ते तिसरा विभाग पुरता झाल्याशिवाय करू नयेत असे ठळकपणे सांगितलेले नाही, आणि तरुण मुले नेमकी इथूनच सुरुवात करतील अशी भीती वाटते. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांनी तर या विभागाच्या वाटेला जाऊ नये. जाहिरातीत महिन्याभरात भारदस्त आवाजाचे आश्वासन दिले आहे, तेही दिशाभूल करणारे आहे. व्यायामाने तंतूंची लांबी वाढत नाही, मिळतो तो ताबा. घशाच्या काळजीबद्दल एकच ओझरते वाक्य आहे. दुखले की थांबावे, सर्दी-खोकल्यात हे व्यायाम करू नयेत आणि आवाजाचा बसकेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे, हे तिथे स्वच्छ लिहायला हवे होते.

सोयीच्या बाजूने पाहता चित्रण व ध्वनी स्वच्छ आहेत, स्त्री-पुरुषांसाठी पियानोची साथ वेगळी आहे, मात्र साथीचे मुद्रण उतरवून घेता येत नाही आणि इंटरनेट गेले की रियाज थांबतो. महिन्यातून एकदा होणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या बैठकीत इतकी गर्दी असते की स्वतःचा आवाज ऐकवण्याची पाळी दोन-तीन बैठकांतून एकदाच येते. मुद्रित धडा तुमचे गाणे ऐकू शकत नाही. ओढणारा कोण आणि सुटणारा कोण हे स्वतःच्या मुद्रणावरून ओळखण्याइतका कान ज्यांचा तयार नाही, त्यांनी चाचणीचे मुद्रण एखाद्या जाणकाराला ऐकवूनच वाट निवडावी. दिरांचे पहिले मुद्रण त्यांना स्वतःला उत्तम वाटले होते.

नवख्यांनी, ज्यांची सुराची ओळखच अजून पक्की नाही त्यांनी, हा अभ्यासक्रम घेऊ नये. दोन-चार वर्षे तालीम झालेल्या, विशेषतः उत्तरांगात अडखळणाऱ्या मुलींनी आणि तार गंधारावर मान ताणणाऱ्या भजनी मंडळींनी जरूर घ्यावा. वर्षभराचे पैसे भरण्याआधी तीन महिन्यांचा हप्ता अजून उपलब्ध आहे का ते विचारावे. मी चौकशी केली तेव्हा तो सोळाशे रुपयांत मिळत होता, आणि तेवढ्या मुदतीत तिसरा विभाग दोनदा सावकाश करून होतो.